खुणा मोजल्या, माणसं मोजायची राहिली: वयोगट, माध्यमं आणि काय-वर्ग कसोटी

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात जनसंवाद विषयात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने शहरातल्या ३०७ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. वयोगट तीन: १८ ते ३०, ३१ ते ५० आणि ५१ च्या पुढे. ‘बातम्यांसाठी कोणती माध्यमं वापरता?’ या प्रश्नाला वर्तमानपत्र, टीव्ही, मोबाइल आणि रेडिओ असे चार पर्याय होते आणि ‘लागू असतील तितक्यांवर खूण करा’ अशी सूचना होती. एकूण ६१२ खुणा आल्या. त्यांची सारणी करून एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काय-वर्ग (chi-square) कसोटी लावली, तर पी-मूल्य, म्हणजे संबंध नसतानाही नुसत्या योगायोगाने निदान एवढी तफावत दिसण्याची शक्यता, ०.००० आलं. मार्गदर्शक म्हणाले, सार्थक (नुसत्या योगायोगाचा नसलेला) फरक आहे, लिहून टाका. पण सादरीकरणात एकाने विचारलं, ‘फरक आहे हे कळलं, पण कुठे आहे?’ तिथे गाडी अडली. शिवाय सारणीखाली ‘काही चौकटींत अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी’ अशी तळटीपही आली आहे. आता काय करायचं?

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचं गणित चुकलेलं नाही, मोजणी चुकली आहे. ३०७ माणसांच्या पाहणीत ६१२ चा आकडा कसोटीत गेलाच कसा, हे तुमच्या मार्गदर्शकांनी सर्वांत आधी विचारायला हवं होतं.

काय-वर्ग कसोटीची पहिली अट अशी की एक माणूस सारणीत एकदाच, एकाच चौकटीत बसला पाहिजे. तुमच्या सारणीत मानेवाड्याच्या एखाद्या बाईंनी पेपर, टीव्ही आणि मोबाइल अशा तीन खुणा केल्या असतील, तर त्या तीन चौकटींत बसल्या आहेत. एकाच माणसाने तीन बूथवर मतं टाकावीत आणि आपण मतदान भरघोस झालं म्हणावं, तसं हे झालं. कसोटीला वाटतं आपल्याकडे ६१२ स्वतंत्र माणसांची साक्ष आहे. प्रत्यक्षात साक्षीदार ३०७ आणि त्यातले बरेचसे दोन-दोनदा बोललेले. अशा सारणीवरचं पी-मूल्य कितीही लहान आलं तरी ते कशाचं पी-मूल्य आहे, हे सांगता येत नाही.

सुदैवाने तुम्ही प्रश्नावलीची प्रतही पाठवली, आणि तिच्यात पुढचाच प्रश्न आहे: ‘यांपैकी तुमचं मुख्य माध्यम कोणतं? एकच निवडा.’ हाच तुमचा खरा विदा (डेटा). तो तुम्ही वापरलाच नाही! त्यावरून केलेली सारणी अशी होते. रेडिओचे सात जण सध्या बाजूला ठेवतो, त्यांच्याकडे शेवटी येतो. उरले ३००.

१८ ते ३० (१२० जण): वर्तमानपत्र १४, टीव्ही २२, मोबाइल ८४
३१ ते ५० (१०० जण): वर्तमानपत्र २५, टीव्ही ३३, मोबाइल ४२
५१ च्या पुढे (८० जण): वर्तमानपत्र ३६, टीव्ही ३५, मोबाइल ९
एकूण (३०० जण): वर्तमानपत्र ७५, टीव्ही ९०, मोबाइल १३५

हे तुम्हाला भेटलेल्या माणसांचे आकडे आहेत, सगळ्या नागपूरचे नव्हेत. का, ते पुढे येईलच.

आता सॉफ्टवेअर बंद करा आणि एक चौकट हाताने सोडवा. माझ्या वर्गात पोरं पहिल्याच दिवशी हमखास विचारायची, ‘सर, काय-वर्ग म्हणजे काय?’ आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, ‘तेच तर, काय म्हणजे काय?’ ‘काय’ हे ग्रीक अक्षराचं नाव. पण मराठीत हा विनोद कामाचा आहे, कारण कसोटी खरोखरच एकच गोष्ट विचारते: वय आणि माध्यम यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर या चौकटीत काय दिसलं असतं?

५१ च्या पुढचे आणि मोबाइल, ही चौकट घेऊ. सगळ्या ३०० जणांत मोबाइलवाले १३५, म्हणजे ४५ टक्के. वयाचा काही संबंध नसता तर ८० ज्येष्ठांतही ४५ टक्केच मोबाइलवाले निघाले असते, म्हणजे ३६. हीच अपेक्षित वारंवारता. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण, ८० × १३५ ÷ ३०० = ३६, हे सूत्र त्याच विचाराचं आखूड रूप आहे. प्रत्यक्षात दिसले ९. तफावत २७ ची. तिचा वर्ग ७२९. त्याला अपेक्षित ३६ ने भागलं की २०.२५. ही त्या एका चौकटीची वर्गणी.

वर्ग का करायचा? नाहीतर अधिक-उणे तफावती एकमेकींना खाऊन टाकतात, बेरीज शून्यच येते. आणि अपेक्षितने का भागायचं? कारण ३६ अपेक्षित असताना ९ येणं आणि ३६० अपेक्षित असताना ३३३ येणं, दोन्हीकडे फरक २७ चाच, पण पहिल्यात माणूस दचकतो आणि दुसऱ्यात खांदे उडवतो. हे दचकणं आकड्यात बसवलं आहे, इतकंच.

नऊही चौकटींची वर्गणी अशी येते. तरुण: ८.५३, ५.४४, १६.६७. मधला गट: ०, ०.३०, ०.२०. ज्येष्ठ: १२.८०, ५.०४, २०.२५. सगळ्यांची बेरीज ६९.२४. हे तुमचं काय-वर्ग मूल्य.

मधल्या ओळीकडे नीट पाहा. शून्य, शून्य पूर्णांक तीन दशांश, शून्य पूर्णांक दोन दशांश. ३१ ते ५० या गटाने ६९ पैकी जेमतेम अर्धा गुण दिला आहे. म्हणजे ‘तिन्ही वयोगटांत फरक आहे’ हे तुमचं वाक्य ढिलं आहे. मधला गट जवळजवळ हुबेहूब सरासरीसारखा वागतो. सगळी ओढाताण दोन टोकांची आहे, एकीकडे तरुण मोबाइलकडे झुकलेले आणि दुसरीकडे ज्येष्ठ पेपर-टीव्हीकडे. सादरीकरणात विचारलेल्या ‘कुठे?’चं उत्तर या नऊ आकड्यांत पडलेलं होतं. सॉफ्टवेअर फक्त बेरीज दाखवतं, वर्गणीची यादी मागून घ्यावी लागते.

ती मागण्याची रीतसर पद्धत म्हणजे समायोजित अवशेष, म्हणजे प्रत्येक चौकटीची तफावत एकाच मापावर आणलेली. एसपीएसएसच्या क्रॉसटॅबमध्ये चौकटींच्या पर्यायांत जाऊन त्यावर टिक करायची, झालं. प्रत्येक चौकटीला एक आकडा मिळतो. तो अधिक-उणे दोनच्या आत असेल तर चौकट शांत, बाहेर असेल तर तिच्याकडे बघायचं. तुमच्या सारणीत तरुण-मोबाइल अधिक ७.१, ज्येष्ठ-मोबाइल उणे ७.१, ज्येष्ठ-वर्तमानपत्र अधिक ४.८, तरुण-वर्तमानपत्र उणे ४.४. टीव्हीचे तरुणांत उणे ३.६ आणि ज्येष्ठांत अधिक ३.१. मधल्या ओळीत एकही आकडा एकापर्यंतसुद्धा पोचत नाही. नऊ चौकटी एकदम तपासताना एखादी योगायोगानेही दोनच्या बाहेर पडू शकते, म्हणून मी तीनच्या आतल्या आकड्यावर फारसा जीव टाकत नाही. तुमच्याकडे तो प्रश्नच नाही.

आता स्वाधीनता मात्रा (degrees of freedom), म्हणजे सारणीत मोकळेपणाने भरता येणाऱ्या चौकटींची संख्या. तुमच्याकडे ती चार. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे नक्की विचारतात आणि मुलं ‘ओळी वजा एक गुणिले स्तंभ वजा एक’ असं पाठ म्हणून दाखवतात. पुढचा ‘का?’ आला की गप्प. घरी करून पाहा. कागदावर तीन बाय तीनची रिकामी चौकट काढा आणि फक्त बाजूच्या बेरजा लिहा: १२०, १००, ८० आणि खाली ७५, ९०, १३५. आता मनाला येईल तसे आकडे भरा. पहिल्या ओळीत दोन भरले की तिसरा आपोआप ठरतो. दुसऱ्या ओळीतही तसंच. तिसरी ओळ तर खालच्या बेरजांनी आधीच बांधलेली असते. मोकळेपणाने भरता आल्या त्या चौकटी चार, बाकीच्या पाचांना स्वतःचं मत नाही. सुडोकू सोडवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आणि यात अडखळलात तर लाजू नका. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने ही कसोटी १९०० मध्ये मांडली तेव्हा अशा सारणीसाठी स्वाधीनता मात्रा मोजण्यात खुद्द त्याचीच गफलत झाली होती. त्याच्या हिशोबाने तुमच्या नऊ चौकटींना आठ मिळाल्या असत्या. रोनाल्ड फिशर या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये ती दुरुस्त केली आणि पिअर्सनला ते काही पटलं नाही.

चार स्वाधीनता मात्रांना ५ टक्के सार्थकता स्तरावर कोष्टकातलं मूल्य, म्हणजे ओलांडायची मर्यादा, ९.४८८. तुमचं ६९.२४. शून्य परिकल्पना, म्हणजे ‘वयोगट आणि मुख्य माध्यम यांचा संबंध नाही’ हे विधान, टिकत नाही. पी-मूल्य खरं तर शून्य नसतंच. दशांश चिन्हानंतर तेरा शून्यं आणि मग ३३, असं काहीतरी येतं. सॉफ्टवेअर तीनच घरं छापतं म्हणून ०.००० दिसतं. प्रबंधात ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहा. ०.००० लिहिलेलं पाहिलं की जाणकार परीक्षक पेन्सिल उचलतो.

एक्सेलवाल्यांची आणखी एक गंमत असते. तिथलं काय-वर्गाचं फंक्शन निरीक्षित आणि अपेक्षित, अशा दोन्ही सारण्या मागतं, आणि अपेक्षित सारणी आपली आपणच करून द्यावी लागते. शिवाय ते परत देतं ते पी-मूल्य, काय-वर्ग मूल्य नव्हे. मी असे प्रबंध पाहिले आहेत ज्यांत ‘काय-वर्ग मूल्य ०.०३, कोष्टक मूल्य ९.४८८, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार’ असं लिहिलं आहे. म्हणजे पी-मूल्यालाच काय-वर्ग समजून निष्कर्ष अगदी उलटा! वर्षभराची मेहनत एका सेलमध्ये बुडते.

आता खरी मेख. पी-मूल्य लहान आहे याचा अर्थ संबंध मोठा आहे असा होत नाही. तुमच्याच सारणीतली प्रत्येक चौकट दहापट करा, ३,००० माणसं, टक्केवारी तीच. काय-वर्ग होतो ६९२. प्रत्येक चौकट दहाव्या हिश्शाची करा, ३० माणसं, टक्केवारी तीच. काय-वर्ग ६.९२, कोष्टकातल्या ९.४८८ च्या खाली, फरक ‘सार्थक नाही’. माणसांची आवड तसूभरही बदलली नाही, फक्त माणसं किती विचारली ते बदललं. म्हणून कसोटीत कधीही टक्केवारी भरू नये. टक्के भरले की प्रत्येक वयोगटात शंभर माणसं होती अशी थाप आपण मशीनला मारतो. आणि म्हणूनच संबंधाची ताकद वेगळी सांगायची. त्यासाठी क्रामेरचा व्ही वापरा: काय-वर्गाला माणसांच्या संख्येने भागा, मग ओळी आणि स्तंभ यांतली जी संख्या लहान तिच्यातून एक वजा करून आलेल्या आकड्याने भागा, आणि वर्गमूळ काढा. तुमच्याकडे ६९.२४ ÷ (३०० × २), वर्गमूळ ०.३४. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे वय कळलं की माध्यम कळलंच. ०.३४ हा तीन बाय तीनच्या सारणीत चांगला ठसठशीत संबंध आहे. ३० माणसांतही तो ०.३४ च राहतो आणि ३,००० तही.

पण मला तुमच्या आकड्यांपेक्षा तुमच्या पर्यायांची जास्त काळजी वाटते.

‘मोबाइल’ हे उपकरण आहे. ‘वर्तमानपत्र’ हा बातमीचा उगम आहे. दोघांना एकाच प्रश्नाचे पर्याय म्हणून शेजारी बसवलंत, पण ते एका जातीचे नाहीत. धरमपेठेतले एक काका सकाळी पेपरची ई-आवृत्ती मुलाच्या टॅबवर वाचतात, त्यांनी खूण कुठे करायची? वसतिगृहातली पोरं वृत्तवाहिनीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर बघतात, ते टीव्ही की मोबाइल? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेपरच्या कात्रणाचा फोटो येतो, तो काय? तरुणांच्या मोबाइलच्या चौकटीतल्या ८४ जणांत किती जण प्रत्यक्षात पेपरवाल्यांचीच बातमी वाचत असतील, हे तुमच्या सारणीला ठाऊक नाही. कदाचित तुमचा निष्कर्ष ‘तरुणांनी पेपर सोडला’ असा नसून ‘तरुणांनी कागद सोडला’ असा असेल. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. आता प्रश्नावली पुन्हा भरून घेता येणार नसेल, तर निदान मर्यादांच्या प्रकरणात हे सरळ लिहा आणि निष्कर्षात ‘माध्यम’ शब्द जपून वापरा.

शिवाय आपलं नागपूर. १९५६ पर्यंत हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं. मराठी आणि हिंदी इथे एकाच ओसरीवर नांदतात. एका घरात मराठी पेपर, शेजारी हिंदी पेपर, आणि कुठे इंग्रजी ‘हितवाद’, जो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सुरू केला. तुमच्या प्रश्नावलीत भाषेचा रकाना आहे, पण विश्लेषणात तो कुठेच नाही. ज्येष्ठांमध्ये मराठी वाचणारे जास्त भेटले आणि तरुणांमध्ये हिंदी जास्त, असं झालं असेल तर जो फरक तुम्ही वयाच्या नावावर लिहिता तो थोडाफार भाषेचाही असू शकतो. तपासायची रीत सोपी: मराठी घरांची सारणी वेगळी, हिंदीची वेगळी, आणि दोन्हींत तोच कल दिसतो का ते बघायचं. चौकटी लहान होतील, पण कल बघायला तेवढं पुरतं. शिक्षणाबाबतही हेच करता येईल.

आणि माणसं भेटली कुठे? तुम्ही लिहिलंय: तरुण फुटाळा तलावावर संध्याकाळी, ज्येष्ठ अंबाझरी उद्यानात सकाळी, मधला गट व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म फिरवून. ताई, इथे मी कपाळाला हात लावला. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवून मोबाइलची आवड मोजणं म्हणजे न्हाव्याच्या दुकानात बसून किती लोक केस कापतात हे मोजणं. सकाळी उद्यानात फिरायला येणारे ज्येष्ठ हे बहुधा निवृत्त, वेळ असलेले, परतीच्या वाटेवर टपरीपाशी पेपर चाळणारे. पारडीतला साठीचा दुकानदार त्या वेळी शटर उघडत असतो, तो तुम्हाला भेटलाच नाही. तीन वयोगट तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या पद्धतींनी पकडले, म्हणजे वय आणि जागा यांची गाठ तुम्ही स्वतःच मारली. आता ती काय-वर्गाने सुटत नाही. काय-वर्ग एवढंच सांगतो की हा फरक नुसत्या योगायोगाने समजावता येणार नाही. तो फरक वयाचा की फुटाळ्याचा, हे कसोटीला कळायचं कारण नाही.

हातात आठवडा असेल तर एक करा. तिन्ही वयोगटांची माणसं एकाच जागी मिळतील अशी दोन-तीन ठिकाणं निवडा. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर दोन्ही मार्ग मिळतात, तिथे कॉलेजची पोरं, नोकरदार आणि आजी-आजोबा सगळेच उतरतात. तिथे प्रत्येक वयोगटातले तीस-तीस जण विचारा आणि ती सारणी वेगळी ठेवा. कल तोच आला तर तुमच्या निष्कर्षाला बळ मिळेल. नाही आला तर तेही लिहायचं.

एक चूक माझीही सांगतो, कारण ती तुमच्या चुकीची सख्खी बहीण आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका दैनिकासाठी आम्ही वाचक पाहणी केली होती. मी महालातल्या एका जुन्या वाड्यात गेलो. दुपारची वेळ, कूलरची घरघर, समोर कुणीतरी आणून ठेवलेलं पन्हं. घरात चौघं वाचणारे, मी चौघांचेही फॉर्म भरून घेतले आणि मनात म्हटलं, वा, एका फेरीत चार! असे कितीतरी वाडे केले. सारणी झोकात झाली, काय-वर्ग तगडा आला. ज्यांना अहवाल दिला त्या वरिष्ठांनी फॉर्म चाळले, पत्ते बघितले आणि विचारलं, ‘या घरात पेपर किती येतात?’ एक. पहिलं पान आजोबांकडे, खेळाचं पान नातवाकडे, पुरवणी सूनबाईंकडे. चौघांचं उत्तर एकच होतं, कारण पेपर एकच होता. माझे चार साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार होता. तुमच्या ३०७ मध्ये एका घरातले किती आहेत हे पत्त्यांवरून किंवा फोन क्रमांकांवरून पाहा. एका घरातून एकच ठेवा, कोण ते चिठ्ठी टाकून ठरवा. पन्नास कमी झाले तरी चालतील.

खुणांचा जो पहिला प्रश्न आहे, तो अगदी फेकून द्यायचा नाही. त्यातून वेगळी माहिती मिळते. पण तो एका मोठ्या सारणीत कोंबायचा नाही. प्रत्येक माध्यमाची वेगळी सारणी करा: टीव्ही बघता, हो की नाही, आणि तीन वयोगट. तिथे प्रत्येक माणूस एकदाच येतो. स्वाधीनता मात्रा दोन, ५ टक्क्यांवर कोष्टक मूल्य ५.९९१. अशा चार कसोट्या होतील, म्हणून प्रत्येकीला ०.०५ ऐवजी ०.०१२५ ही कडक मर्यादा लावा. चार वेळा नाणं उडवून एकदा छापा आला म्हणून नाचायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वयोगटांबद्दल दोन बारीक गोष्टी. तुमच्या छापील फॉर्मवर ‘१८-३०, ३०-५०, ५०+’ असं आहे, सारणीत ‘३१ ते ५०’. मग बरोब्बर तीस वर्षांचा माणूस कुठे गेला? प्रत्यक्ष वय विचारलं असेल तर ते वापरून गट नव्याने पाडा, आणि सीमा निकाल बघून सरकवू नका. तीसच्या जागी पस्तीस केलं की आकडा सुधारतो हे कळल्यावर हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. दुसरं असं की काय-वर्गाला वयाचा चढता क्रम दिसत नाही. ओळी उलटसुलट लावल्या तरी ६९.२४ च येईल. तुमच्या सारणीत मात्र मोबाइल ७० टक्के, ४२ टक्के, ११ टक्के असा पायऱ्या उतरत जातो. मोबाइल विरुद्ध बाकी सगळं अशी दोन स्तंभांची सारणी केलीत, तर एसपीएसएसच्या निकालात काय-वर्गाखाली रेषीय संबंधाची ओळ येते, ती या उताराबद्दलच बोलते. तीही नोंदवा. पण ‘वय वाढतं तसा माणूस मोबाइलकडून पेपरकडे वळतो’ असं चुकूनही लिहू नका. आजच्या साठीच्या माणसाच्या विशीत मोबाइल नव्हताच. आजचे विशीतले साठीला पोचल्यावर पेपर हातात घेतील की नाही, हे एका वेळच्या पाहणीतून कळत नाही.

व्हायवात ‘एकपुच्छी की द्विपुच्छी?’, म्हणजे वितरणाचं एकच टोक बघायचं की दोन्ही, असा प्रश्न आला तर गडबडू नका. तफावती वर्ग करून मिळवलेल्या असल्यामुळे उजवीकडचंच शेपूट बघायचं, आणि तरीही कसोटीला तफावतीची दिशा कळत नाही. काय-वर्ग मूल्य थोडं कमी करणारी येट्सची दुरुस्ती फक्त दोन बाय दोनच्या सारणीपुरती, तुम्हाला लागू नाही.

प्रकरणात निष्कर्ष साधारण असा येऊ द्या: ‘उत्तरदात्यांपैकी वर्तमानपत्र, टीव्ही किंवा मोबाइल हे मुख्य माध्यम सांगणाऱ्या ३०० जणांमध्ये वयोगट आणि मुख्य माध्यम यांचा सार्थक संबंध आढळला (काय-वर्ग ६९.२४, स्वाधीनता मात्रा ४, पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी, क्रामेरचा व्ही ०.३४). १८ ते ३० गटात मोबाइल ७० टक्के जणांचं मुख्य माध्यम होतं, ५१ च्या पुढच्या गटात ११ टक्के. वर्तमानपत्राबाबत हेच प्रमाण अनुक्रमे १२ आणि ४५ टक्के. ३१ ते ५० या गटाचं वितरण एकूण नमुन्यासारखंच होतं.’ एका घरातून एकच माणूस ठेवल्यावर आकडे बदलतील, सांगाडा हाच राहील.

राहिले रेडिओचे सात. तरुणांतला एक, मधल्या गटातला एक आणि ज्येष्ठांतले पाच. त्यांना सारणीत घेतलं की चौकटी बारा होतात आणि रेडिओच्या तिन्ही चौकटींत अपेक्षित वारंवारता तीनच्याही खाली जाते. बारांतल्या तीन म्हणजे २५ टक्के. संख्याशास्त्रज्ञ विल्यम कॉक्रनने १९५४ मध्ये दिलेला संकेत असा की पाचपेक्षा कमी अपेक्षित असलेल्या चौकटी २० टक्क्यांवर जाऊ नयेत आणि कोणतीही एकाखाली उतरू नये. तुमची तळटीप तिथूनच येते. लक्षात घ्या, ती अट अपेक्षित वारंवारतेची आहे. प्रत्यक्षात एखाद्या चौकटीत दोनच माणसं असली तरी कसोटी बिघडत नाही. काही जण अशा वेळी रेडिओ टीव्हीत मिसळून ‘प्रसारण माध्यमं’ असा स्तंभ करतात. गणित सुटतं, पण रेडिओ ऐकणारा आणि रात्रीची चर्चा बघणारा यांना मी एका खाटेवर बसवणार नाही. सारणीबाहेर ठेवा, ठेवले असं लिहा, आणि हवं तर लहान आकड्यांनाही चालणारी फिशरची नेमकी कसोटी बारा चौकटींवर चालवून पडताळा.

आणि त्या पाच ज्येष्ठांचे फोन क्रमांक तुमच्याकडे असतील तर एक फोन करा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. त्यांच्यातल्या कुणी तिथल्या बातम्या लहानपणापासून ऐकल्या असतील. कधी ऐकता, कोणत्या संचावर ऐकता, घरात अजून कोण ऐकतं, एवढंच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. दुपारी एक ते चार मात्र फोन करू नका, उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा कुणी उचलत नाही.